कब-बुलबुलचे बिल्ले आणि आपण आया

मैत्रिणींनो, शाळेत कब-बुलबुलचं पथक सुरू झालं की बाईंना मदतीला दोन-चार आया लागतात. एरंडोलसारख्या गावात ही मदत आपणच करायची. पण होतं काय, बिल्ल्याच्या घाईत सभेचा तास होतो आणि पोरं कंटाळतात. मग घरी आईच गाठ बांधून देते, वही सजवते. बिल्ला मिळतो, हात मात्र कोरेच राहतात!

बेडन पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर भरवलं, ते मुलांच्या लहान टोळ्या करून, खेळातूनच. १९१६ साली धाकट्यांसाठी कब काढले, तेव्हा किपलिंगच्या ‘जंगल बुक’मधलं मोगलीचं जंगल त्यांनी घेतलं. ते जंगल आपल्या सातपुड्याच्याच रांगांतलं, शिवनीकडचं, बरं का!

तेव्हा सभेत नवी गोष्ट एकच घ्या आणि पंधरा मिनिटांत आटपा. लगेच तिचाच खेळ करा. सपाट गाठ शिकवायची तर एकाला ‘जखमी’ करा, दोन रांगा करा आणि पट्टी बांधायची शर्यत लावा. ही गाठ चपटी बसते, टोचत नाही, हे आपोआप कळतं.

भांड्याशिवाय स्वयंपाक करायचा तर आपलं भरिताचं वांगं आहेच. तेलाचा हात लावून टोचे मारा, नाहीतर फुटतं. कपाशीच्या काड्यांवर भाजू द्या, मुलांनाही आणि मुलींनाही. जाळाजवळ नायलॉनचे कपडे नकोत, पाण्याची बादली हवी, आणि एक मोठं माणूस तिथून हलता कामा नये.

थंडीत पद्मालयाला सहल काढा. वाटेवर दगडांचे बाण मांडून माग काढायला लावा. कमळांच्या तळ्याशी मात्र जोडीजोडीनं, मोठ्यांच्या नजरेतच.

आता महत्त्वाचं. एखादीला चौथ्या खेपेलाही गाठ जमत नाही. बाकीच्यांच्या बाहीवर बिल्ले दिसतात आणि पुढच्या शनिवारी तिचं पोट दुखू लागतं. अशा वेळी तिची गाठ तुम्ही बांधू नका, आणि ‘शेजारच्या सुमीला जमलं’ असंही म्हणू नका. कबांची शिकवण आपापल्या परीनं पुरेपूर प्रयत्न करण्याची आहे, पहिल्या नंबराची नव्हे. घरी धुण्याची दोरी तिलाच बांधू द्या. सुटली तर कपडे पुन्हा पिळू, त्यात काय मोठंसं! आठवडाभरात हात बसेल, आणि तो बिल्ला खरोखर तिचा असेल.