जुना पिस्टन की नवा?

मुलांनो, सायकलच्या चाकात हवा भरताना कधी कधी पंपाचा दांडा भसकन खाली जातो आणि हवा काही भरत नाही. असं झालंय ना? आतला वॉशर झिजलेला असतो, म्हणून हवा कडेनं पळून जाते. आज आपण असाच एक मोठा पंप पाहायला गॅरेजमध्ये जाऊ या!

आमच्या शिराळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाकडे जुनी मॅटॅडोर आहे. ही गाडी पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पो कंपनी बनवायची. कंपनी १९५८ सालची. २००५ मध्ये तिचं नाव फोर्स मोटर्स झालं. मॅटॅडोर बनायची कधीच बंद झाली, पण एके काळी ती इतकी चालली, की तसल्या कुठल्याही गाडीला लोक मॅटॅडोरच म्हणायचे.

या मॅटॅडोरवरच त्यांचं घर चालतं. बाजाराला भाजी न्यायची, लग्नाची भांडी आणायची. पण ती निळा धूर सोडू लागली. ऑईल पिऊ लागली. चढावर तर रडायचीच! गेल्या वर्षी एका ठिकाणी फक्त नव्या रिंगा टाकून घेतल्या. सहा महिन्यांत धूर पुन्हा सुरू. पैसे गेले ते गेलेच. आता पुन्हा इंजिनकाम निघालं, तसा पोरगा वर्गात गप्पगप्प बसू लागला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर गॅरेजमध्ये गेले.

इंजिन उघडून ठेवलं होतं. चार गोल भोकं म्हणजे चार सिलिंडर. त्यांत वरखाली होणारे चार डबे म्हणजे पिस्टन. पिस्टनच्या अंगावर खाचा असतात आणि त्यांत रिंगा बसतात. पंपात वॉशर जे काम करतो, ते इथं रिंगा करतात. वरचा दाब खाली जाऊ द्यायचा नाही आणि खालचं ऑईल वर येऊ द्यायचं नाही. ऑईल वर गेलं की जळतं. निळा धूर तो त्याचाच!

पोरानं फडक्यानं एक पिस्टन पुसला. लख्ख निघाला. "मिस्त्रीमामा, ह्यो तर चांगलाच हाय की! मग नवा कशाला?"

वडीलही म्हणाले, "औंदाबी रिंगाच टाका. हात तंग हाय."

मिस्त्री हसले. "डोळ्यानं नगं, मापानं बघायचं. बाळ, सिलिंडरच्या वरच्या कडेला आतनं नख लाव."

पोरानं नख फिरवलं. ते एका कडेला अडकलं. त्या कडेच्या वर रिंग पोचत नाही, म्हणून तिथली भिंत मूळची राहते. कडेच्या खाली ती झिजलेली असते. सगळ्यांत जास्त झीज तिथंच का? तर पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो आणि परत फिरतो. तिथं उष्णता जास्त, दाब जास्त आणि ऑईल कमी. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर पिस्टन एका तासात किती वेळा वर जाईल आणि किती वेळा खाली येईल? २००० गुणिले २ गुणिले ६०. म्हणजे २,४०,००० वेळा! लोखंड असलं तरी झिजणारच की.

मग मिस्त्रींनी बोअर गेज आत सोडलं. घड्याळासारख्या तबकडीवर काटा हलला. वरच्या बाजूला ०.२० मिलिमीटर झीज! शिवाय भोक गोल न राहता जरा लांबट झालेलं. इंजिन फिरताना पिस्टन दोन बाजूंच्या भिंतींवर जास्त रेलतो, म्हणून त्या बाजू जास्त झिजतात.

"एवढुशीच?" पोरगा म्हणाला. आता माझी पाळी होती. मी म्हटलं, "वर्तुळाचा परीघ कसा काढायचा?"

"व्यास गुणिले ३.१४."

"मग व्यास ०.२० नं वाढला, तर परीघ कितीनं वाढेल?"

त्यानं जमिनीवर खडूनं गुणाकार मांडला. ०.६२८. रिंगेच्या दोन टोकांत फट ठेवलेली असते. ती असते अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. झिजलेल्या जागी नवी रिंग घातली, की तीच फट ०.६ मिलिमीटरनं आणखी रुंद होते. गेल्या वर्षीचे पैसे कुठं गेले, ते पोराला त्या खडूच्या आकड्यात दिसलं. त्यानं वडिलांकडे पाहिलं. वडील काही बोलले नाहीत, पण मान हलवली.

ठरलं! ब्लॉक कोल्हापूरला पाठवायचा. तिथं चारही सिलिंडर ०.५० मिलिमीटरनं कातून गोल करायचे. याला म्हणतात बोअर करणं. आता सिलिंडर मोठा झाला, मग जुना पिस्टन आत खुळखुळणारच. तो लख्ख असला तरी उपयोग नाही. म्हणून नवे ओव्हरसाइझ पिस्टन आणि नव्या रिंगा. चारही एकाच मापाचे आणि सारख्या वजनाचे, नाहीतर इंजिन थरथरतं.

पण म्हणून सगळं नवं घ्यायचं का? मुळीच नाही! मिस्त्रींनी क्रँक मापला, कनेक्टिंग रॉड तपासले. मापात बसले, ते ठेवले. तेवढे पैसे वाचले. सिलिंडरची झीज मापात असती आणि पिस्टनवर ओरखडे नसते, खाचा ढिल्या नसत्या, तर जुने पिस्टनसुद्धा चालले असते. मग भिंतीवर हलका हात फिरवून फक्त नव्या रिंगा पुरल्या असत्या. म्हणजे रिंगा टाकणं चूक नव्हतं. न मापता टाकणं चूक होतं.

आता गाडी पुन्हा बाजाराला जाते. एक जुना पिस्टन माझ्या टेबलावर उलटा उभा आहे. त्यात वर्गाचे खडू ठेवतो आम्ही.

करून पाहा : घरातल्या जुन्या बांगडीचा आतला व्यास मोजा. तो २ मिलिमीटरनं वाढला, तर परीघ कितीनं वाढेल? आधी अंदाज सांगा, मग गुणाकार करा.

तुमच्या बाई