भोजनाचें आमंत्रण आणि वेषाची चिंता

लग्नास कोणता वेष करावा, मुंजीस कोणता, आणि कोणाच्या समाचारास जातांना कोणता, हें आपल्या घरांतील मुलांस निराळें शिकवावें लागत नाहीं. मोठीं माणसें काय करितात हें पाहून तीं आपोआप शिकतात. परंतु हल्लीं घरोघर एक नव्या तऱ्हेचें आमंत्रण येऊं लागलें आहे, आणि त्याचा पाठ देण्यास घरांतील वडील माणसें बहुधा असमर्थ ठरतात. मुलगा किंवा मुलगी, सून किंवा जांवई नोकरीस लागून कांहीं महिने झाले कीं कचेरींतील वरिष्ठ मंडळी सर्वांस सायंकाळीं एखाद्या हॉटेलांत भोजनास बोलावितात, आणि आमंत्रणाच्या खालीं दोनच शब्द असतात : ‘स्मार्ट कॅज्युअल’. शब्दकोश उघडला तर पहिल्या शब्दाचा अर्थ नीटनेटका आणि दुसऱ्याचा सहज, अनौपचारिक असा मिळतो. वेष नीटनेटका असावा, परंतु मुद्दाम नटल्यासारखा दिसूं नये, असा हा पेंच आहे. या महिन्यांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत नुकताच असा प्रसंग आला. थोरला मुलगा हिंजवडीस संगणकाच्या कचेरींत नव्यानें लागलेला. पगार बरा; परंतु शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता, धाकट्या बहिणीची फी आणि आजोबांचें औषधपाणी वजा जातां हातीं उरे तें थोडेंच. कोणा सोबत्यानें त्यास सांगितलें कीं कोटावांचून तेथें जाणें शोभणार नाहीं. दुकानांतील कोटाची किंमत पाहून तो घरीं आला आणि म्हणाला, “आई, मी येत नाहीं असें कळवून टाकतों.” आई म्हणाली, “असें करूं नकोस रे, मी भिशीचे पैसे उचलतें.” काका म्हणाले, “ज्यास गुणांची पारख आहे, तो काय कपडे पाहत बसेल?” दोघांच्याहि बोलण्यांत माया होती, परंतु अडचणीचें उत्तर दोहोंतहि नव्हतें.

प्रथम काकांचें म्हणणें घेऊं. त्यांच्या बाजूनें मोठा दाखला आहे. सन १९३१ मध्यें गोलमेज परिषदेच्या वेळीं महात्मा गांधी बकिंगहॅम राजवाड्यांत बादशहांच्या भेटीस गेले ते आपलें आंखूड धोतर, चादर आणि वहाणा याच वेषानें. परंतु तो वेष त्यांनीं दहा वर्षें आधीं, १९२१ सालीं मदुरेस, गरिबांशीं एकरूप होण्याकरितां बुद्धिपुरस्सर स्वीकारला होता. त्यामागें व्रत होतें, आळस नव्हता. ज्यानें असें कोणतेंहि व्रत घेतलेलें नाहीं, त्यानें चुरगळलेला सदरा घालून गांधीजींचा दाखला देणें योग्य नव्हे. संस्कृत कवींची एक कोटी प्रसिद्धच आहे : समुद्रानें पीतांबर नेसलेल्या विष्णूस आपली कन्या दिली आणि दिगंबर शंकरास विष दिलें. कोटींतील अतिशयोक्ति सोडली तरी एवढें खरें कीं, नव्या ठिकाणीं माणसाचे गुण कळावयास महिने लागतात आणि वेष दारांतच दिसतो. यजमानाच्या निमंत्रणाचा मान राखणें हाहि आतिथ्यधर्माचाच एक भाग आहे; तो केवळ यजमानानेंच पाळावयाचा नसतो.

आतां आईचें म्हणणें. एका रात्रीच्या जेवणासाठीं साठविलेलें धन मोडावें काय? मुळींच नाहीं, कारण या निमंत्रणांत कोटाची अट नसतेच. सूट आणि टाय हा एक टोंकाचा वेष, आणि गोल गळ्याचा बनियनवजा टी-शर्ट व चपला हा दुसऱ्या टोंकाचा. या दोहोंच्या मधला वेष तेथें अपेक्षित असतो. गळपट्टीचा पुऱ्या बाह्यांचा सदरा, साध्या रंगाची सुती पँट, जिला दुकानदार ‘चिनो’ म्हणतात ती, कातड्याचा कमरपट्टा आणि पॉलिश केलेले बूट, इतकें झालें कीं पुरे. टाय नको. कोट असल्यास घालावा, नसल्यास अडत नाहीं. गडद निळी, न फाटलेली जीन्स पुष्कळ ठिकाणीं चालते. परंतु पहिल्याच खेपेस सुती पँट अधिक निर्धास्त.

दुकानांत जाण्यापूर्वीं कपाट उघडावें. निमंत्रणास लागणाऱ्या चार वस्तूंपैकीं दोन तरी तेथें बहुधा सांपडतात. सदरा जुना आहे कीं नवा, हें कोणी विचारीत नाहीं. तो अंगास नीट बसतो कीं नाहीं, हें मात्र पांच हातांवरून दिसतें. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोंकाशीं यावी, बाही मनगटापर्यंत यावी, आणि पँटचा काठ बुटावर जेमतेम टेकावा. लांबी कमी करणें किंवा कंबर थोडी आंत घेणें हें गल्लींतल्या शिंप्याचें थोड्या पैशांचें काम आहे. खांदा मात्र सहजासहजीं दुरुस्त होत नाहीं. म्हणून विकत घेतांना खांदा पाहून घ्यावें. हाच नियम उसन्या कोटासहि लागू. चुलतभावाचा कोट खांद्यांवरून ओघळत असेल, तर कोट नसलेलाच बरा.

विकत घ्यावेंच लागलें तर एक मर्यादा आधीं ठरवावी आणि ती कागदावर लिहून खिशांत ठेवावी. समजा, तीन हजार रुपये ठरले. बूट नसतील तर निम्मी रक्कम बुटांकडे जाऊं द्यावी. कारण तेच सर्वांत अधिक दिवस टिकतात. त्यानंतर पँट, आणि सदरा सर्वांत शेवटीं. पँट गडद निळी, राखी किंवा बदामी असावी, म्हणजे ती कोणत्याहि सदऱ्याबरोबर जाते. सदरा पांढरा किंवा फिकट निळा असावा. वस्तूची खरी किंमत चिठ्ठीवर नसते. तीन हजारांचा भडक सदरा दोनदां घातला तर दर खेपेस दीड हजार पडतात. आठशेंचा साधा सदरा चाळीस वेळां घातला तर वीस रुपये. हें त्रैराशिक शाळेंत सर्वांनींच केलेलें असतें. दुकानांत मात्र तें आठवत नाहीं.

कापड आपल्या हवेस शक्यतों सुतीच घ्यावें. सूत घाम शोषून घेतें. पॉलिएस्टर तसा शोषीत नाहीं आणि त्यांत घामाचा वास राहतो. नवें सुती कापड पहिल्या धुण्यांत आंखडतें, हेंहि ध्यानांत ठेवावें. सुती सदऱ्यास किंचित् ओलसर असतांनाच इस्त्री केली म्हणजे परीटघडी उत्तम बसते. मोजे पँटच्या रंगाशीं जुळणारे व पोटरीपर्यंत असावेत. माणूस खुर्चीवर बसला कीं पँट वर सरकते आणि मोज्यांची परीक्षा होते.

लेकीसुनांस हा प्रश्न तितका अवघड नाहीं. कारण त्यांच्या पेटींत साडी असतेच. खळ देऊन इस्त्री केलेली सुती इरकल किंवा हातमागाची दुसरी एखादी साधी साडी, बेताचें पोलकें आणि मोत्याच्या कुड्या इतकें पुरेसें आहे. रुंद जरीचा शालू आणि ठुशी लग्नासाठीं ठेवावी. सलवार-खमीसहि तितकाच योग्य. नवी साडी घ्यावयाची असेल तर २००६ सालापासून सरकारनें हातमागाच्या कापडास दिलेली ‘हॅण्डलूम मार्क’ ही खूण पाहून घ्यावी, म्हणजे पैसा विणकराच्या हातीं जाण्याचा संभव अधिक.

कोणी विचारतील कीं, आपला देशी वेष काय टाकाऊ झाला? नाहीं. २०१४ सालीं मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींस वेष्टी नेसल्यावरून चेन्नईच्या एका क्लबांत प्रवेश नाकारला गेला. त्याच वर्षीं तमिळनाडूच्या विधानसभेनें अशी मनाई करण्यास बंदी घालणारा कायदा केला. स्वच्छ खादीचा कुडता आणि त्यावर नेहरू जाकीट हा वेष अशा भोजनास शोभतोच. मात्र तो सवयीचा असावा. एका दिवसापुरता सोंग म्हणून घेऊं नये. शंका असेल तर कचेरींतील एखाद्या जुन्या सहकाऱ्यास सरळ विचारावें. विचारण्यांत कमीपणा नाहीं.

आदल्या रात्रीं सर्व वेष एकदां अंगावर चढवून पाहावा. गुंडी तुटलेली, शिवण उसवलेली किंवा टांच झिजलेली असेल तर ती त्याच वेळीं कळते. त्या मुलाच्या कपाटांत पदवीदान समारंभाचा पांढरा सदरा निघाला. पँट व बूट मिळून दोन हजार सातशें रुपये लागले. भिशी मोडली नाहीं आणि आमंत्रणहि नाकारलें गेलें नाहीं.

घरांतील वडील मंडळींस आमची एवढीच विनंती आहे. नोकरीस लागलेल्या मुलाचा पहिला पगार हातीं आला कीं पेढ्यांबरोबर बुटांच्या एका जोडाचाहि विचार करावा. पैशाच्या अडचणीमुळें होतकरू मुलानें चार लोकांत जाण्याचें टाळावें, यासारखें नुकसान दुसरें नाहीं. तें भरून निघावयास वर्षें लागतात, आणि टाळावयास कित्येकदां एक इस्त्री आणि पॉलिशची एक डबी पुरते.