अर्धा चमचा साखर कमी

स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्या महाविद्यालयात दोन गोष्टींना ऊत येतो. एक नाटकांच्या तालमींना आणि दुसरी उपासमारीला. कुणाला नऊवारी नेसून लावणीला उभे राहायचे असते, कुणाला दादाच्या लग्नासाठी शिवलेला ब्लाऊज अंगात जायला हवा असतो. मग मेसचे ताट बंद होते. काकडी आणि लिंबूपाणी यांवर दिवस ढकलले जातात आणि तालमीत एखादी मैत्रीण भोवळ येऊन मटकन खाली बसली की 'ऊन फार आहे हो' म्हणत आपण तिला वारा घालतो. ऊन फार नसते. पोट रिकामे असते आणि ते सर्वांना ठाऊक असते.

वजन कमी करण्याला माझा विरोध नाही. ज्यांचे वाढले आहे त्यांनी ते अवश्य उतरवावे. आपल्या लोकांत पोटाभोवतीची चरबी लवकर घात करते. म्हणून कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला की डॉक्टर सावध करतात. परंतु २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातले दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त आहे आणि १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. अंगाने भरलेली मुलगी रक्तानेही भरलेली असते असे नाही. तिने बाजरीची भाकरी, मटकीची उसळ आणि पालेभाजीच सोडून दिली, तर काट्यावरचा आकडा खाली येईल. पण त्याबरोबर आणखी काय खाली येईल, याचा विचार कोणी करायचा?

उपासमार माणसाचे काय करते, याचा एक जुना दाखला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४–४५ साली, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीने २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने उतरले. पण त्या तरुणांना अन्नावाचून दुसरे काही सुचेनासे झाले. काहीजण तर पाककृतींची पुस्तके जमवून वाचत बसत! पुढे बंधन उठल्यावर त्यांच्यातले कित्येक पोट तुडुंब भरले तरी तृप्त होत नव्हते. संमेलन संपल्यावर आठ दिवसांत आपल्या मेसमध्ये जे दिसते, त्याचे मूळ हेच. त्या मुलींना 'मनाचा निग्रह नाही' म्हणून हसणे अन्यायाचे आहे.

मग करावे काय? दिवसातून दोनदाच जेवावे, असे डॉ. श्रीकांत जिचकार सांगत आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती पद्धत घरोघर पोहोचवली. थोडे थोडे, पण अनेकदा खावे, असे सांगणारेही आहेत. त्या वादात मी पडत नाही. मला एवढेच विचारायचे आहे, की आज उचललेली सवय आणखी तीन वर्षांनी टिकेल का?

तीन वर्षे हा आकडा उगाच घेतलेला नाही. चहाचेच उदाहरण घ्या. दिवसाला चार कप आणि कपात दोन चमचे साखर. आधी अर्धा चमचा कमी करावा. जिभेला पंधरा-वीस दिवसांत ते कळेनासे होते. मग आणखी अर्धा. दिवसाला चार चमचे, म्हणजे वीस ग्रॅम साखर, म्हणजे ८० कॅलरी वाचल्या. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे रोजच्या २४ कॅलरी कायमच्या कमी केल्या तर शेवटी वजन सुमारे एक किलोने उतरते. पण त्यातले निम्मे पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळे व्हायला तीन वर्षे. म्हणजे एवढ्या साखरेने तीन किलो, आणि तेही पदवी हाती पडेपर्यंत. (ए.टी.के.टी. लागली नाही तर!) हे ऐकून कुणी नाक मुरडेल. मुरडू द्या. एका सवयीला दुसरी जोडता येते. आणि आठवड्याला अर्धा किलो उतरणे सुरक्षित, असे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्थाही सांगते. संमेलनाची तारीख ती विचारात घेत नाही.

खरी अडचण साखरेची नाहीच, आपल्या वाढण्याची आहे. आपल्याकडे ताटात किती पडायचे हे जेवणारा ठरवीत नाही, वाढणारा ठरवतो. पंगतीत 'नको' म्हणणे हा नुसता पाहुण्याने करायचा उपचार आणि त्यावर जिलबीचे आणखी एक वेढे टाकणे हा यजमानाचा धर्म. घरात तर त्याहून बिकट. पातेल्यात भात उरला की अन्न टाकवत नाही म्हणून आईच तो निपटून खाते आणि वर 'मी काही खात नाही, तरी अंग सुटतं' म्हणते. तिला उपदेश करू नये. रात्रीच्या कुकरला मूठभर तांदूळ कमी लावावेत, उरणारच नाही. भाताआधी भाजी-आमटी ताटात यावी, तेल बुधल्यातून न ओतता पळीने मोजून घालावे. उपासाच्या दिवशी कूट आणि तूप घातलेल्या साबुदाण्याच्या खिचडीची दुसरी बशी नाकारावी, देव रागावणार नाही. एकादशीला दुप्पट खाण्याची सूट त्याने कधी दिली होती, हे मला तरी कुठे आढळले नाही.

आता गुरुजनांची आणि व्यवस्थापनाची क्षमा मागून एक गाऱ्हाणे. आपल्या उपाहारगृहात चहा किटलीतूनच गोड होऊन येतो. ज्याला साखर कमी हवी त्याला दोनच वाटा, गोड चहा प्या नाहीतर पिऊच नका. प्राध्यापकांच्या खोलीत मात्र साखरेचे भांडे वेगळे जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. येत्या जूनपासून तेच भांडे आणि एक चमचा आमच्या टेबलावरही ठेवावा. याला खर्च काही नाही, उलट साखर वाचेल. विद्यार्थी प्रतिनिधींनी हा अर्ज पुढच्या बैठकीत मांडावा. सही करायला मी तयार आहे.