एकवीस चेंडू, अकरा धावा

चंदीगडच्या माणसाला क्रिकेटवरचं मत विचारावं लागत नाही, ते आधीच तयार असतं. रिक्षावाला देतो, सेक्टर 17 मधला दुकानदार देतो, बँकेतला साहेब देतो. त्यात नवल काही नाही. कपिल देव इथला, युवराज सिंगही इथला. शेजारी मोहालीचं स्टेडियम. घरातल्या पोरावर जसा हक्क, तसा हक्क हे शहर आपल्या खेळाडूंवर सांगतं. हक्क असावा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या हक्काची हद्द कुठे संपते, एवढंच या लेखात सांगायचं आहे.

2014 च्या एप्रिलमध्ये माझी पोस्टिंग चंदीमंदिरला होती. 6 एप्रिलला, रविवारी, ढाक्यात टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. समोर श्रीलंका. युवराज मैदानात उतरला तेव्हा अकरावी ओव्हर चालू होती, 2 बाद 64. तिथून त्यानं 21 चेंडू खेळले आणि 11 धावा केल्या. भारताच्या 130 झाल्या आणि श्रीलंकेनं 13 चेंडू राखून सामना जिंकला. त्याच रात्री काही जणांनी युवराजच्या इथल्या घरावर दगड फेकले. सकाळी छावणीत चहा व्हायच्या आत ही बातमी सगळ्यांपर्यंत पोहोचली होती.

पुढचे दहा दिवस चर्चा एकच. आयपीएल 16 एप्रिलला सुरू होणार होती, तीही अमिरातीत, कारण देशात लोकसभेची निवडणूक. चंदीगडचं मतदान 10 तारखेला होतं, पण आमच्या लंगरात उमेदवारांपेक्षा युवराजवर जास्त बोललं जायचं. फेब्रुवारीच्या लिलावात बंगळुरूनं त्याला 14 कोटींना घेतलं होतं. त्या वर्षीची ती सर्वांत मोठी बोली. "चौदा करोड पानी में गए," असं एक जाट हवालदार रोज न चुकता म्हणायचा. एक सरदारजी नायक त्याच्याशी रोज न चुकता भांडायचा. आम्ही मराठी पोरं मधे बसून दोघांना हवा द्यायचो.

ऐकता ऐकता लक्षात आलं की यात दोन पक्ष आहेत. पहिला म्हणायचा, संपला हा, खाली बसवा. दुसरा म्हणायचा, ज्यानं 2007 मध्ये डर्बनला एका ओव्हरमध्ये सहा षटकार मारले, 2011 च्या विश्वचषकात 362 धावा आणि 15 विकेट घेऊन मालिकावीर झाला, नंतर कॅन्सरशी लढून परत मैदानात उभा राहिला, त्याच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही.

माझं मत विचाराल तर दोघांशीही माझं जमत नव्हतं. पहिल्याला बोलायचा पूर्ण अधिकार होता. युवराजचा फॉर्म खरोखरच घसरला होता. त्या जानेवारीतल्या न्यूझीलंड दौऱ्यासाठी त्याला वन-डे संघातून आधीच वगळलं होतं. 14 कोटी घेणाऱ्या खेळाडूच्या धावा लोक मोजणारच. दुसऱ्याचं प्रेम खरं होतं, पण आजारपण झालं म्हणून खेळावर बोलूच नका, हे म्हणजे त्या माणसाची कीव करणं झालं. तो मैदानात परतला तो खेळाडू म्हणून. खेळाडूचा मान राखायचा तर त्याचा खेळ खेळासारखाच मोजायला हवा.

पण मोजायचा कसा? आमच्याकडे फायरिंग रेंजवर नव्या जवानाच्या एका गोळीवरून कोणी निकाल देत नाही. पाच गोळ्या मारायला लावतात आणि टार्गेटवर त्यांचा ग्रुप बघतात. ग्रुप घट्ट आहे पण बाजूला गेलाय, तर साइट सरकवायची. गोळ्या विखुरल्यात, तर पकड, श्वास, ट्रिगर बघायचा. चार गोळ्या जागेवर आणि एक भरकटलेली असेल तर उस्ताद त्या एकीसाठी जवानाची रायफल काढून घेत नाही. युवराजनं ढाक्याच्या अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी, 30 मार्चला, याच स्पर्धेत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 43 चेंडूंत 60 धावा केल्या होत्या. दगड मारणाऱ्यांनी ग्रुप बघितला नाही. त्यांनी एकच गोळी बघितली.

आणि ती गोळीसुद्धा नीट बघितली नाही. शेवटच्या चार ओव्हरमध्ये भारताच्या फक्त 19 धावा झाल्या. कुलसेकरा आणि मलिंगा ऑफ स्टंपच्या बाहेर, दूरवर यॉर्कर टाकत होते. युवराज बाद झाल्यावर धोनी आला. त्यालाही 7 चेंडूंत 4 च धावा करता आल्या. 77 धावा करणारा कोहलीसुद्धा शेवटी चेंडूची वाट बघत दुसऱ्या टोकाला अडकला होता. म्हणजे गोलंदाजांनी चांगलं काम केलं होतं. शत्रूनं चांगली लढाई केली हे कबूल न करता आपल्याच एका शिपायावर खापर फोडणं, हे कुठल्याही पलटणीत चालत नाही.

आता जरा मोहालीला चला. 30 मार्च 2011, विश्वचषकाची उपांत्य फेरी, समोर पाकिस्तान, युवराजचं घरचं मैदान. वहाब रियाझनं त्याला पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत केलं. शून्य! ढाक्याच्या 11 पेक्षा ही खेळी वाईटच म्हणायची. त्या रात्री कोणी दगड उचलला का? नाही. भारत 29 धावांनी जिंकला होता, आणि त्यानं चेंडू हातात घेऊन दोन विकेटही काढल्या होत्या. शहरभर ढोल वाजत होते. म्हणजे दगड त्याच्या खेळाला नव्हताच. आपल्याला झालेलं दुःख कोणाच्या तरी दारात नेऊन टाकायचं होतं, आणि पत्ता माहीत असलेलं घर जवळ होतं.

हे पंजाबी लोकांचं वेड आहे, आपण मराठी माणसं शहाणी, असं समजू नका. 1971 मध्ये अजित वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडिजमध्ये आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, तेव्हा त्यांना डोक्यावर घेतलं. 1974 मध्ये लॉर्ड्सवर संघ 42 धावांत कोसळला, मालिका 3-0 अशी गेली, तेव्हा त्याच वाडेकरांच्या मुंबईतल्या घरावर दगड पडले. 2006 च्या मार्चमध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्ध सचिन 1 धाव काढून बाद झाला, तेव्हा घरच्याच प्रेक्षकांतल्या काहींनी त्याची हुर्यो उडवली. तोच सचिन 2014 मध्ये युवराजसाठी पुढे आला. एका वाईट दिवसाबद्दल टीका करा, पण त्याला सुळावर चढवू नका आणि मोडीतही काढू नका, अशा आशयाचं त्यानं जाहीरपणे लिहिलं. ज्यानं स्वतःच्या मैदानावर हुर्यो ऐकलेली आहे, त्याच्या शब्दाला वजन असतं.

पुढे काय झालं ते बऱ्याच जणांना आठवत असेल. 17 एप्रिलला शारजात बंगळुरूचा पहिला सामना दिल्लीशी झाला. युवराजनं 29 चेंडूंत नाबाद 52 धावा केल्या. आमच्या लंगरात सरदारजी नायकानं त्या दिवशी जाट हवालदाराच्या ताटात स्वतःच्या वाटणीची खीर ओतली आणि म्हणाला, "ले उस्ताद, मुँह मीठा कर." सगळे हसले, हवालदारही हसला.

पण ही अर्धशतकाची गोष्ट मी पुरावा म्हणून सांगत नाही, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. बहुतेक लोक म्हणतात, बघा, त्यानं बॅटनं उत्तर दिलं. समजा शारजातही तो शून्यावर बाद झाला असता, तर? तर ते दगड बरोबर ठरले असते? नसतेच ठरले. घरावर दगड मारणं चूक होतं, ते खेळाडू नंतर यशस्वी झाला म्हणून चूक नव्हतं. त्या हंगामात बंगळुरूचा संघ सातवा आला, आणि पुढच्या लिलावाआधी त्यांनी युवराजला सोडून दिलं. हा त्यांचा अधिकार. असे निर्णय ज्यांच्यावर जबाबदारी असते त्यांनी घ्यायचे असतात. दगड मारणाऱ्यावर कसलीच जबाबदारी नसते, त्याला पुढचा चेंडू खेळायचा नसतो.

फौजेत चुकलेल्याला सोडत नाहीत, हे माजी सैनिकांना मी सांगायला नको. सुभेदार साहेब त्याला उभा करतात, चांगलं खडसावतात, जादा प्रॅक्टिसला लावतात. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा चुकला तर काम बदलून देतात. पण त्याच्या चुकीची वरात त्याच्या गावात कोणी नेत नाही. आई-बापाच्या दारात जाऊन तुमचा पोरगा नेमबाजीत नापास झाला अशी दवंडी कोणी पिटत नाही. जे झालं ते रेंजवर झालं, तिथेच बोलायचं, तिथेच सुधारायचं.

क्रिकेटचा हंगाम दर वर्षी येतो आणि दर वर्षी कोणी ना कोणी फॉर्म हरवून बसलेला असतो. त्याच्यावर भांडा, चहा थंड होईपर्यंत भांडा. त्याला खाली खेळवा म्हणा, बाहेर बसवा म्हणा, त्याची किंमत जास्त लावली म्हणा. हे सगळं सीमारेषेच्या आतलं आहे. त्याचं घर मात्र सीमारेषेच्या बाहेर आहे. तिथे त्याची आई राहते.