आजोबांची साक्ष आणि आपली शुगर

अलीकडे एक मत फार आवेशाने मांडले जाते आहे. मांडणारे गृहस्थ वाचलेले आहेत, बोलके आहेत आणि खान्देशावर त्यांचे प्रेमही आहे. लोक त्यांचे ऐकतात, म्हणूनच ते मत खोडून काढणे भाग आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. शुगर झालेल्या माणसाला भाकरी, पोळी, भात कमी करायला सांगणे हे परदेशी खूळ आहे. मांस, चीज आणि बदाम परवडणाऱ्यांनी ते खुशाल करावे. जळगाव-धुळ्याच्या कष्टकऱ्याचा पिंड ज्वारी-बाजरीवर पोसलेला आहे. त्याचे आजोबा एका बैठकीत चार भाकऱ्या खात आणि त्यांना कधी मधुमेह झाला नाही. तेव्हा मैदा आणि साखर सोडा, पोळीऐवजी भाकरी खा, गोळी वेळेवर घ्या आणि पोटभर जेवा. हे ऐकायला गोड आहे. घरच्या जेवणाचा अभिमान सुखावतो आणि ताटातले काहीच सोडावे लागत नाही. पण दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णाला यापेक्षा घातक सल्ला देणे अवघड आहे.

आजोबांची साक्ष आधी तपासू, कारण सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. आजोबांना मधुमेह नव्हता हे कोणी तपासले होते? पाचोऱ्याच्या किंवा साक्रीच्या खेड्यात साठ वर्षांपूर्वी रक्तातली साखर मोजायची सोय कुठे होती? जखम चिघळून पाय काळा पडला, डोळ्यांपुढे अंधारी आली, माणूस वाळत गेला, तर घरचे म्हणत की वय झाले. आणि वय तरी किती जणांचे होत होते? स्वातंत्र्याच्या सुमारास भारतीयाचे सरासरी आयुर्मान बत्तीस-तेहेतीस वर्षांचे होते. त्या आकड्यात बालमृत्यूंचा वाटा मोठा आहे हे मान्य. तरीही हा आजार ज्या पन्नाशी-साठीत डोके वर काढतो, तिथपर्यंत पोचणारे आजच्यापेक्षा पुष्कळच कमी होते. उरला प्रश्न त्या चार भाकऱ्यांचा. त्या खाणारा माणूस पहाटे मोट धरायचा, दिवसभर औतामागे चालायचा, कपाशी निंदायचा आणि बाजारालाही पायीच जायचा. घरातली बाई भाकरीचे पीठ आधी जात्यावर दळायची. खाल्लेल्या पिष्टाची साखर स्नायूंत जळून जायची. आज त्याच शेतात ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवला आणि मोटारीचे बटण दाबले की पाणी होते, नांगरटीला ट्रॅक्टर येतो, बांधापर्यंत मोटारसायकल जाते. शरीर कष्टांतून सुटले ही चांगलीच गोष्ट आहे, ते कष्ट कोणाच्या वाट्याला पुन्हा येऊ नयेत. पण कष्ट आजोबांचे गेले आणि भाकऱ्या मात्र आजोबांच्याच ठेवल्या, तर हिशेब जुळणार कसा?

या साक्षीत आणखी एक मोठी फट आहे आणि ती आपल्याच महाराष्ट्रातल्या संशोधनाने दाखवली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची होती. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव त्या मानाने लहान होते, चरबी मात्र फारशी कमी नव्हती. पिढ्यान् पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या समाजाचे शरीर असे घडते: दिसायला किडकिडीत, आत स्नायू थोडे आणि चरबी जास्त. साखर साठवायची मुख्य जागा म्हणजे स्नायू, आणि आपल्याकडे तीच अपुरी. असे शरीर १९७२च्या दुष्काळासारख्या दिवसांतून निघाले, पुढे रेशनच्या गहू-तांदळाने आणि स्वस्त तेला-साखरेने त्याला भरपूर खायला मिळाले, तर ते लवकर कोलमडते. म्हणून आपल्याकडे वजनाने जेमतेम असलेल्या माणसालाही चाळिशीतच शुगर निघते. आजोबांना भाकरी पचत होती म्हणून नातवालाही ती तितकीच पचेल, हे अनुमान मुळातच चुकीचे आहे.

आता शरीरात काय घडते ते पाहू. भाकरी असो, पोळी असो, भात असो की साबुदाणा, पिष्टाची अखेर साखरच होते. ती आधी यकृतात आणि स्नायूंत साठते. ही कणगी काठोकाठ भरली की यकृत जादा साखरेची चरबी करते. चरबीने भरलेले यकृत इन्शुलिनला दाद देत नाही, रात्रभर स्वतःच रक्तात साखर सोडत राहते, म्हणून सकाळी उपाशीपोटीही आकडा चढलेला दिसतो. तीच चरबी पुढे स्वादुपिंडात शिरते आणि इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मलूल करते. न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर यांनी ही साखळी २००८ साली मांडली आणि पुढे ब्रिटनमध्ये ३०६ रुग्णांवर तिची कसोटी घेतली. त्यांच्यातल्या एका गटाला रोज साधारण साडेआठशे कॅलरींचा आहार काही महिने दिला. वर्षाअखेर या गटातल्या ४६ टक्के रुग्णांचा मधुमेह गोळ्यांशिवाय आटोक्यात होता. ज्यांचे वजन पंधरा किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होते. तो आहार कमी उष्मांकाचा होता, त्याला कमी कर्बोदकांचा म्हणणे बरोबर नाही, आणि दोन वर्षांनी ४६चे ३६ टक्के झाले हेही सांगितले पाहिजे. पण हा आजार म्हणजे एकदा चढलेली आणि मरेपर्यंत न उतरणारी पायरी आहे, हा समज त्या प्रयोगाने मोडला. यकृत रिकामे करायचे हे एकदा ठरले, की आपल्या ताटातून नेमके काय काढायचे ते ताटच सांगते.

कारण आपले ताट पिष्टाने भरलेले आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी सर्वेक्षणाने २०२३ साली भारतात १०.१ कोटी मधुमेही असल्याचे सांगितले. त्याच सर्वेक्षणातल्या १ लाख २१ हजार प्रौढांच्या आहाराचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीयाच्या एकूण कॅलरींपैकी ६२ टक्के कर्बोदकांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के, असे त्यात दिसले. रोज दोन हजार कॅलरी खाणाऱ्या माणसाच्या पोटात याचा अर्थ सुमारे ३१० ग्रॅम कर्बोदके. आणि आमच्या गृहस्थांनी मन लावून वाचावा असा निष्कर्ष पुढे आहे. एकूण कर्बोदके तेवढीच ठेवून पांढऱ्या तांदळाऐवजी गव्हाचे किंवा भरडधान्याचे पीठ आणले, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. एकूण कॅलरींपैकी पाच टक्के कर्बोदकांऐवजी डाळी, दूध, अंडी, मासे यांच्या प्रथिनांतून घेणाऱ्यांत तो कमी दिसला. ‘पोळी बंद, भाकरी चालू’ हा सल्ला खान्देशात घरोघरी दिला जातो. रुग्ण निष्ठेने तो पाळतो, तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या खातो, तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या सरासरी साखरेचा आकडा, तिथेच असते आणि मग गोळी वाढते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ६५ ते ७० ग्रॅम कर्बोदके असतात आणि गव्हाच्या पिठात जवळपास तेवढीच. दादर ज्वारी चवीला उत्तम आहे, तिच्यात चोथा आहे, ती मैद्यापेक्षा शंभर पटींनी बरी. पण तिला औषधाचा मान देणारे रुग्णाच्या जिवाशी खेळतात.

हा वाद नवा नाही. साखर बंद करून चहात गूळ घालणाऱ्यांनी आपल्याला वर्षानुवर्षे झुलवले, जणू गुळाची साखर रक्तात उतरायला लाजते. मग काही वर्षांपूर्वी दिवसातून दोनदाच जेवावे की दर दोन तासांनी खावे, यावर सबंध महाराष्ट्र दोन तटांत विभागला. लग्नाच्या पंगतीत माणसे एकमेकांवर तुटून पडत होती. घड्याळाकडे सगळ्यांचे लक्ष होते, ताटाकडे कोणाचेच नव्हते. जेवणांची संख्या कमी केल्याने अनेकांना फायदा झाला हे खरे, पण तो मुख्यतः एकूण खाणे घटल्यामुळे झाला. उलट, दोनच वेळा जेवतो म्हणून प्रत्येक वेळी बट्टी, वरण, भात आणि वर केळी असा आडवा हात मारणाऱ्यांची शुगर जागची हलली नाही. उपासाचेही तेच. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणारा मधुमेही त्या दिवशी जवळपास निव्वळ पिष्ट खात असतो.

कर्बोदके कमी करण्यावरचे बाकीचे आक्षेप फार वेळ घेणारे नाहीत. मेंदूला साखर लागते, म्हणून भाकरी हवी, असे म्हणतात. लागणारी साखर यकृत प्रथिनांपासून स्वतः तयार करते. हे परदेशी खूळ आहे, म्हणतात. सुश्रुतसंहितेने प्रमेहाचा एक प्रकार जन्मजात आणि दुसरा अपथ्यातून आलेला असे सांगून ठेवले आहे, तेव्हा ताट बदलण्याची कल्पना बाहेरून यायची गरजच नव्हती. केळीविरुद्ध बोलणे म्हणजे रावेर-यावलच्या शेतकऱ्याच्या पोटावर पाय देणे, म्हणतात. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिचे ट्रक उत्तर भारतात जातात. त्या बागा जिल्ह्यातल्या मधुमेह्यांच्या ताटावर उभ्या नाहीत.

कमी कर्बोदकांचे जेवण महाग आहे, हा आक्षेप मात्र मला खरोखर संताप आणतो. जळगाव हे डाळ मिलचे शहर आहे. मूग, उडीद, तूर, हरभरा यांची पोती इथून राज्यभर जातात आणि त्याच शहरातल्या मधुमेह्याच्या वाटीत पातळ पाण्यासारखे वरण असते. डाळीतही कर्बोदके असतात, पण ती सावकाश पचतात आणि सोबत वीस टक्क्यांहून जास्त प्रथिने आणतात. शेंगदाण्यात तर सुमारे २५ टक्के प्रथिने आणि कर्बोदके धान्यापेक्षा पुष्कळच कमी. वांग्याचे भरीत, गिलकी, पोकळा, मेथी, शेवग्याच्या शेंगा, अंबाडी, शेंगदाण्याचा ठेचा, दही, ताक, अंडी, आणि जो खातो त्याच्यासाठी मटण: यातले काय परदेशातून आणावे लागते? उलट अनेक घरांत भाकऱ्या चार आणि भरीत तोंडी लावण्यापुरते, ही विभागणी गरिबीने शिकवली आणि गरिबी गेली तरी सवय राहिली. डायलिसिसची खुर्ची गाठल्यावर काय महाग पडते, ते ज्यांच्या घरात ही वेळ आली त्यांना विचारावे.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना कोणी एकाएकी भाकऱ्या निम्म्या केल्या, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटाची औषधे घेणाऱ्याने कर्बोदके फार खाली नेली, तर रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्ताची आम्लता वाढून जीव धोक्यात येऊ शकतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचा हिशेब वेगळा, गरोदर बाईचा वेगळा. आणि हे जेवण पाळणे अवघड आहे. २०२१ मध्ये तेवीस चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, त्यात सहा महिन्यांनी कमी कर्बोदकांच्या गटात ५७ टक्के तर इतर गटांत ३१ टक्के रुग्णांची एचबीए१सी साडेसहाच्या खाली आली होती. वर्षभरात हा फरक बराच ओसरला. माणसे जुन्या ताटाकडे परततात. पण यातून निघणारा निष्कर्ष डॉक्टरांच्या देखरेखीचा आणि घरच्यांच्या साथीचा आहे. पोटभर भाकरीच्या बाजूने यातले काहीच जात नाही.

मग करायचे काय? रोज १३० ग्रॅमच्या आत कर्बोदके ही कमी-कर्बोदक आहाराची सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ४० ग्रॅम जातात. तेव्हा दोन जेवणांत मिळून दीड भाकरी, दोन्ही वेळा घट्ट डाळ किंवा उसळ, ताटाचा निम्मा भाग भाजी, सोबत दही किंवा अंडे. ज्यांना एवढे एकदम झेपत नाही त्यांच्यासाठी आपल्याच देशातल्या सर्वेक्षणावर आधारलेला २०२२चा हिशेब आहे: नुकताच मधुमेह निघालेल्यांनी कर्बोदकांचा वाटा ४९ ते ५४ टक्क्यांवर आणून प्रथिने १९-२० टक्क्यांवर नेली, तरी आजार मागे हटण्याची शक्यता निर्माण होते. कानबाईचे रोट आणि आखाजीचा आमरस त्या-त्या दिवशी खावेत, त्यांना वर्षभराचा परवाना समजू नये. जेवणानंतर पंधरा मिनिटे चालावे.

धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, गावोगावी आरोग्य केंद्रांत तिशीपुढच्या माणसांची शुगर तपासली जाते. तिथल्या डॉक्टरांना एकच विनंती आहे. चिठ्ठीवर गोळीचे नाव लिहिता, तिथेच खाली रुग्णाने दिवसाला किती भाकऱ्या खायच्या तो आकडा लिहा, त्याप्रमाणे गोळीचा डोस कमी करा आणि तीन महिन्यांनी एचबीए१सी पाहा. आणि चिठ्ठी हातात असलेल्या वाचकाने तो आकडा लिहिलेला नसेल, तर तो विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नये.