हिशेब लेकींचा



नागपूरच्या मनीषनगरातून वर्धा रोड धरला की पुढे केंद्रीय कापूस संशोधन संस्था लागते. ती १९७६ साली सुरू झाली. कपाशीवरल्या बोंडअळीसाठी आपण ट्रायकोग्रामाचं कार्ड लावतो, त्यातल्या माशीची ही गोष्ट.

ही माशी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. ती बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि अळी जन्मण्याआधीच संपते. पण हे काम मादीचं. नराचा त्यात उपयोग नाही. म्हणून कार्डातून किती माश्या निघाल्या यापेक्षा माद्या किती निघाल्या ते महत्त्वाचं.

या माशीच्या फळलेल्या अंड्यातून मादी होते, न फळलेल्यातून नर. म्हणजे लेक की लेकी, हे आईच्या हाती! १९६७ साली विल्यम हॅमिल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं याचं गणित मांडलं. एका जागी एकाच आईची पिल्लं असली, तर भावांनी आपसात झगडून काय मिळणार? बहिणींना पुरतील एवढे मोजके नर बस्स. दोन आयांची पिल्लं एकत्र असली तर रुपयात चार आणे नर, चार आयांची असली तर सहा आणे, आणि पुष्कळ आया असल्या तर आठ आणे. या माशीत नर त्याहूनही थोडे कमी.

तात्पर्य, थोड्या अंड्यांवर माद्यांची दाटी झाली की नर वाढतात, कार्डाचं बळ घटतं. कार्डाचा तुकडा बाटलीत ठेवा, निघालेल्या माश्या भिंगाखाली बघा. मिशांवर लांब केस दिसले तर तो नर. आणि कार्ड लावल्यावर लगेच विषारी फवारा मारू नका. मरतील त्या आपल्याच कामाच्या लेकी.