चिडवण्याची भाषा मुलं कुठून शिकतात?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, मधल्या सुट्टीत जरा मुलांच्या घोळक्याकडे नीट बघा. पाय अधू असलेला मुलगा पाणी प्यायला निघाला की मागून कुणीतरी त्याच्यासारखं चालून दाखवतं. कुणी त्याची कुबडी लपवतं. श्रवणयंत्र लावणाऱ्या मुलीच्या कानाजवळ एकजण मुद्दाम ओरडतो आणि बाकीचे हसतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "बाई, आम्ही गंमत करत होतो."

गंमतीत दोघंही हसतात. एकजण हसतो आणि दुसरा रडू दाबतो, तेव्हा तो छळ असतो. असं मूल आधी पोटात दुखतं म्हणून घरी राहतं, मग हळूहळू शाळाच नको म्हणतं. हजेरीपटावर आपल्याला फक्त गैरहजेरी दिसते, कारण दिसत नाही.

माझं स्पष्ट मत आहे, की मुलं ही भाषा आपल्या मोठ्यांकडूनच शिकतात. सांगितलेलं ऐकलं नाही की आपण पटकन म्हणतो, "बहिरा आहेस का?" वस्तू समोर असून दिसली नाही की, "डोळे फुटले का?" गावात तर कितीतरी माणसांची ओळख त्यांच्या व्यंगावरूनच सांगितली जाते. 'वासरात लंगडी गाय शहाणी' ही म्हण शिकवताना समोर कोण बसलंय, याचा विचार आपण करतो का? आपलेच शब्द मुलं मैदानावर घेऊन जातात. मग फक्त चिडवणाऱ्याला शिक्षा करून काय साधणार?

दुसरी गोष्ट खेळाच्या तासाची. "तू बस, सगळ्यांची दप्तरं सांभाळ," असं आपण काळजीपोटी म्हणतो. पण वर्गाला त्यातून कळतं, की हा आपल्यातला नाही. ज्याला संघात जागा नाही, त्याला चिडवणं सोपं जातं. त्यापेक्षा खेळाचा नियम थोडा बदला. सगळ्यांनीच बसून चेंडू फेकायचा खेळ घ्या. बघा, तोही खेळेल.

3 डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनी मुरलीकांत पेटकर यांची गोष्ट जरूर सांगा. 1965 च्या युद्धात जखमी होऊन अपंगत्व आलेल्या या सांगलीच्या जवानाने 1972 च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकलं. मात्र आपल्या वर्गातल्या मुलाने मान मिळवण्यासाठी पदक जिंकायलाच हवं, अशी अट नको.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 92 नुसार दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान केल्यास 6 महिने ते 5 वर्षे कारावास आणि दंड होऊ शकतो. हे मुलांना धाक घालण्यासाठी सांगत नाही. ज्याला आपण 'पोरांची मस्ती' म्हणून सोडून देतो, त्याकडे कायदा किती गांभीर्याने बघतो, ते आपल्याला कळायला हवं.

मग करायचं काय? प्रत्येक मुलाला त्याच्या नावानेच हाक मारा. नक्कल दिसली की तिथेच थांबवा. पण त्या मुलाला सगळ्यांसमोर उभं करून "याच्यावर दया करा" असं भाषण देऊ नका. त्याला बाजूला घेऊन विचारा, की त्याला कोणती मदत हवी आहे. आणि हसणाऱ्या मुलांशी आवर्जून बोला. बघे हसायचे थांबले, की चिडवणाऱ्याची मजाच संपते.

उद्याच्या परिपाठापासून आधी आपली जीभ सांभाळूया. मुलं ऐकत असतात.